सहा आठवड्यांनंतरची तारीख: मुलांच्या मानसोपचारासाठी किती थांबावे, कशासाठी थांबावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातील एका मराठी कुटुंबातली चौदा वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला रोज सकाळी पोटात दुखू लागले, मळमळू लागले, आणि गेले तीन आठवडे ती शाळेत गेलेलीच नाही. पोटाच्या सर्व तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. बालरोगतज्ज्ञांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि ती भेट दोन दिवसांत मिळाली. त्यांनी तीव्र चिंतेचे निदान करून सर्ट्रालिन हे औषध लिहून दिले, शिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार घेण्यास सांगितले. तिथली पहिली तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे, आणि तोवर औषधही घरच्यांनी थांबवून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये राहणारी मावशी म्हणते की तिकडे वर्षवर्ष नंबर लागत नाही, तेव्हा सहा आठवड्यांबद्दल तक्रार करू नये. आईने विचारले आहे की थांबावे का, अहमदाबाद किंवा मुंबईला जावे का, तोवर घरी काय करावे, आणि सरकारी रुग्णालयात नाव लागले तर मुलीला पुढे त्रास होईल का.

मी या शहरात वीसहून अधिक वर्षे मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसोपचाराचे काम करीत आहे, आणि माझे उत्तर असे की सहा आठवडे थांबणे चालण्यासारखे आहे, मात्र ते फक्त एका गोष्टीसाठी. तुम्ही त्या एका तारखेच्या मागे चार वेगळ्या गोष्टी उभ्या करून ठेवल्या आहेत: मुलगी सुरक्षित आहे का याची खात्री, औषधाचा निर्णय, शाळेशी बोलणे आणि सविस्तर मूल्यमापन. यांतले मूल्यमापन तेवढे सहा आठवडे थांबू शकते. पहिली गोष्ट आज संध्याकाळीच करायची आहे आणि उरलेल्या दोन या आठवड्यात.

सुरक्षिततेपासून सुरुवात करतो. मुलीला तुम्ही थेट विचारावे की, जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का. असे विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मुलांना कोणीतरी विचारले याचे हायसे वाटते. उत्तर होकारार्थी असेल, हातावर कापल्याच्या खुणा असतील, तिने दोन-तीन दिवस जवळजवळ काहीच खाल्ले नसेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, ती कोणी नसताना आवाज ऐकत असेल, किंवा सलग काही रात्री झोप न घेताही उत्तेजित राहत असेल, तर सहा आठवड्यांची तारीख विसरून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवावे. ते भेटत नसतील तर सर सयाजीराव जनरल रुग्णालयाच्या, म्हणजे आपण सारे ज्याला सयाजी हॉस्पिटल म्हणतो त्याच्या, तातडीच्या विभागात जावे. पोलिसांची भीती बाळगून घरी बसणारी कुटुंबे मी पाहतो. विष किंवा गोळ्या घेतल्याच्या प्रसंगात रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर नोंद करते हे खरे आहे, परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि तिथे गुजराती-हिंदीबरोबर मराठीतूनही बोलता येते. यातले काहीही नसले तरी घरातली सर्व औषधे, आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांसह, कुलपात ठेवावीत. फिनाइल आणि उंदराचे औषधही त्यातच आले.

आता मावशींच्या तुलनेविषयी, कारण ती अर्धीच खरी आहे. इंग्लंडमध्ये मुलाला आधी जीपी (म्हणजे तिथले नेहमीचे कुटुंब-डॉक्टर) किंवा शाळेमार्फत पाठवावे लागते, मग ते प्रकरण सेवेत बसते की नाही याची छाननी होते, अनेक मुलांचे अर्ज तिथेच परत जातात, आणि त्यानंतर खरी यादी सुरू होते. ऑटिझम किंवा एडीएचडीच्या (लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराच्या) मूल्यमापनासाठी तिथे वर्षाहून अधिक थांबावे लागल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत. परंतु तिथे यादी आहे, आणि यादी आहे म्हणून ती मोजता येते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारने मुलांना चार आठवड्यांत उपचार मिळावेत यासाठी काही भागांत प्रयोग करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि खाण्याच्या विकारांसाठी तर तातडीच्या रुग्णाला एक आठवडा व इतरांना चार आठवडे असे बंधनच ठरवले गेले. ते नेहमी पाळले जाते असे नाही, पण पाळले गेले नाही हे निदान जाहीरपणे सांगता येते. आपल्याकडे दारावर यादी नाही आणि मानसोपचारतज्ज्ञ परवा भेटतात. म्हणून आपल्याकडे प्रतीक्षा नाही असा समज होतो. प्रत्यक्षात तुमच्या मुलीची प्रतीक्षा दिवाळीनंतर पहिल्यांदा पोट दुखले तेव्हाच सुरू झाली. गॅस्ट्रोचे डॉक्टर, सोनोग्राफी, ‘उत्तरायण होऊन जाऊ दे, मग बघू’, नातेवाइकांचे सल्ले यांत ती पुढे सरकत राहिली, आणि तिची नोंद कोणत्याच रजिस्टरात झाली नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला होता. त्यांतली किती मुले आज कोठे खोळंबली आहेत हे सांगणारे साधन आपल्या हाती नाही.

मानसोपचारतज्ज्ञ दोन दिवसांत आणि सायकॉलॉजिस्ट सहा आठवड्यांनी, असे उलटे का होते हेही समजून घ्यावे. मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट अर्ध्या तासात होऊ शकते. सायकॉलॉजिस्टचे मूल्यमापन दोन ते चार बैठकांत होते, त्यानंतर अहवाल लिहायला काही तास लागतात, आणि बोलण्यातून होणारा उपचार म्हणजे दर आठवड्याचा एक तास कित्येक आठवडे एकाच मुलासाठी राखून ठेवणे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुळातच थोडे आहेत. त्यात शिकण्यातील अडचणींच्या दाखल्यांची गर्दी हंगामी असते. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळावा म्हणून बोर्डाचे फॉर्म भरण्याच्या आधी पालकांची झुंबड उडते आणि त्या काळात उपचारांच्या वेळा चाचण्या खाऊन टाकतात.

याहून महत्त्वाची आणि बहुतेकांना न सांगितली जाणारी बाब अशी की टंचाई दिवसाची नसते, संध्याकाळची असते. प्रत्येक पालकाला शाळेनंतरची आणि ट्यूशनच्या आधीची, म्हणजे साधारण पाच ते सातची वेळ हवी असते. तुमची मुलगी सध्या शाळेत जात नाही. सायकॉलॉजिस्टच्या केंद्राला आजच फोन करून सांगावे की आम्ही सकाळी अकरालाही येऊ, कोणाची वेळ रद्द झाली तर दोन तासांच्या सूचनेवर येऊ, आणि अशा रद्द वेळांसाठी आमचे नाव स्वतंत्र लिहून घ्यावे. दर सोमवारी एकदा नम्रपणे आठवण करावी. असे करणाऱ्या कुटुंबांना पुष्कळदा ठरलेल्या तारखेच्या आधी बोलावणे येते. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, कारण ज्या आईला नोकरीवरून सकाळची रजा मिळत नाही तिच्या मुलाला ही सोय नाही; पण आज व्यवस्था अशी आहे आणि तुम्ही तिचा उपयोग करून घ्यावा.

औषधाचा प्रश्न. आधी सायकॉलॉजिस्ट काय म्हणतात ते पाहू आणि मग गोळी सुरू करू, असा विचार काळजीतून येतो हे मला मान्य आहे, परंतु त्यात दोन्ही निर्णय एकमेकांची वाट पाहत बसतात. सर्ट्रालिनसारख्या औषधाचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, म्हणजे सहा आठवड्यांनी सुरू केले तर परिणाम वार्षिक परीक्षेच्या तोंडावर दिसू लागेल. २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेला एक अभ्यास आम्ही आजही आधार म्हणून वापरतो. बारा आठवड्यांनंतर केवळ सर्ट्रालिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के, केवळ संज्ञानात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा, बोलण्यातून होणारा उपचार) घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे ८१ टक्के आणि औषधाविना नुसती गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे २४ टक्के मुले स्पष्टपणे सुधारलेली होती. यावरून तुमच्या मुलीला औषध द्यावेच असे मी इथून सांगणार नाही, तो निर्णय तिला तपासलेल्या डॉक्टरांचा आणि तुमचा आहे. मी एवढेच सांगतो की त्यांच्याकडे याच आठवड्यात पुन्हा जाऊन, औषध का सुरू केले नाही आणि कशाची भीती वाटते, हे मोकळेपणाने बोलावे. या गटातील औषधांमुळे काही मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली तशी ठळक सूचना लागू केली, आणि म्हणूनच औषध सुरू केल्यावर पुढची भेट महिन्याने न ठेवता आठवडा-दोन आठवड्यांत ठेवावी असा आग्रह धरावा. ‘लत लागेल’ ही भीती मात्र या औषधाबाबत निराधार आहे. ते एकदम बंद करू नये, हळूहळू कमी करावे, इतकेच.

मूल्यमापनासाठी थांबणे का परवडते याचे कारण मुलीच्या भाषांत आहे. बडोद्यातले आपले मूल घरी मराठी बोलते, सोसायटीत आणि रिक्षात गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि मोबाइलवर हिंदी. बुद्धिमापनाच्या आणि वाचन-लेखनाच्या चाचण्यांमध्ये शब्दांवर आधारलेला भाग मोठा असतो, आणि तो चुकीच्या भाषेत घेतला तर हुशार मूल कागदावर सामान्य दिसते. आपल्याकडे अजून वापरात असलेली बिने-कामत बुद्धिचाचणी मूळची मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली होती, आणि मलिन यांची मुलांसाठीची बुद्धिचाचणी नागपुरात घडली. गुजराती माध्यमातल्या किंवा चार भाषांत वाढलेल्या मुलासाठी निकालाचा अर्थ लावताना परीक्षकाला डोके वापरावे लागते. तेव्हा भेट ठरवताना विचारावे की चाचणी कोणत्या भाषेत होईल, परीक्षकाला मराठी किंवा निदान गुजराती-हिंदी सहज येते का, आणि अहवालात मुलीची भाषिक पार्श्वभूमी नोंदली जाईल का. एका दिवसात सगळे उरकून संध्याकाळी छापील अहवाल हातात देणाऱ्या ठिकाणी धावण्यापेक्षा सहा आठवडे थांबलेले बरे. चिंतेच्या मागे शिकण्यातील अडचण दडलेली असू शकते, विशेषतः आठवीपर्यंत पाठांतरावर निभावलेल्या मुलींमध्ये, आणि ती घाईत सापडत नाही.

सुरक्षिततेनंतर सर्वांत तातडीची गोष्ट शाळा आहे. शाळा टाळणाऱ्या मुलाच्या बाबतीत घरी राहण्याचा प्रत्येक आठवडा परतण्याची भिंत उंच करतो: अभ्यास मागे पडतो, मैत्रिणींचे गट बदलतात, ‘इतके दिवस कुठे होतीस’ या प्रश्नाचे उत्तर जड होत जाते, आणि न गेल्यावर सकाळी मिळणारी सुटका हीच पुढच्या सकाळच्या पोटदुखीला खतपाणी घालते. पोटदुखी खोटी असते असे मी मुळीच म्हणत नाही. ती खरीच दुखते, फक्त तिचे कारण आतड्यात नसते. म्हणून ‘नाटक करू नकोस’ म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच ‘बरे वाटेल तेव्हा जा’ म्हणणे हानिकारक आहे. वर्गशिक्षिकेला किंवा मुख्याध्यापिकेला भेटून एवढेच मागावे: पहिले काही दिवस मुलगी एका तासापुरती येईल, हवी तर वाचनालयात बसेल, प्रार्थनेच्या रांगेत उभी राहणार नाही, आणि तिला सर्वांसमोर काही विचारले जाणार नाही. बडोद्यातल्या शाळा याला सरसकट तयार होतात असे नाही, पण डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र असेल तर पुष्कळ होतात. त्या पत्रात निदान लिहिण्याची गरज नसते. विद्यार्थिनी उपचाराखाली आहे आणि टप्प्याटप्प्याने हजेरी लावणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, इतके पुरते. उपचारांची माहिती गुप्त राहावी हा २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाचा हक्क आहे. हेच पत्र पुढे हजेरीच्या टक्क्यांचा प्रश्न निघाला तर कामी येते.

कोणी ‘डमी शाळेत’ नाव घालून घरी अभ्यास करण्याचा तोडगा सुचवला असेल, आणि नववीत आलेल्या मुलांच्या पालकांना तो हल्ली हमखास सुचवला जातो, तर निदान मूल्यमापन होईपर्यंत तो स्वीकारू नये. चिंतेला ती कायमची सुट्टी ठरते.

घरी या सहा आठवड्यांत करण्यासारखे फार नाही, आणि तेच बरे आहे. उठण्याची वेळ शाळेच्या दिवसासारखीच ठेवावी, शाळेच्या वेळात मोबाइल आणि टीव्ही नसावा, आणि ही शिक्षा नसून दिनक्रम आहे हे तिला आधीच सांगावे. झोप, जेवण, पोटदुखीची वेळ आणि त्याच्या आदल्या दिवशी काय घडले होते, याची दोन-तीन ओळींची नोंद ठेवावी, कारण पहिल्या भेटीत ही वही तासाभराची उलटतपासणी वाचवते. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासले नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून तपासून घ्यावे. शाकाहारी घरांतल्या या वयाच्या मुलींत थकव्याचे कारण कधी तिथे सापडते. सासूबाईंनी दृष्ट काढली किंवा पौर्णिमेला गरुडेश्वर वा नारेश्वर या दत्तस्थानी नेण्याचा नवस बोलला, तर त्यावरून घरात वाद करू नये. नर्मदाकाठी एक दिवस जाऊन आल्याने मुलीचे काही बिघडत नाही. मात्र ‘अकरा गुरुवार होऊ दे, मग गोळीचे बघू’ असे कोणी म्हटले तर तिथे ठाम राहावे.

सरकारी रुग्णालयाविषयी जी धास्ती आहे ती बरीचशी कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयाच्या जुन्या नावाशी जोडलेली आहे. सयाजी हॉस्पिटलमध्ये किंवा गोत्रीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार हा इतर विभागांसारखाच एक विभाग आहे. केस पेपर काढून बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येते, सकाळचे दोन-तीन तास बाकावर जातात, आणि डॉक्टर बदलत राहतात हा खरा तोटा आहे. लाभ असा की तारखेची वाट पाहावी लागत नाही आणि औषधांचा खर्च जवळजवळ नसतो. खासगी ठिकाणचा सायकॉलॉजिस्ट आणि सरकारी ठिकाणचे मानसोपचारतज्ज्ञ अशी जोडी अनेक कुटुंबे नीट चालवतात. लग्नाच्या वेळी कोणी हे कागद उकरून काढील ही भीती व्यर्थ आहे, कारण लग्नासाठी चौकशी करणाऱ्या बाहेरच्या कोणालाही ही नोंद पाहण्याचा अधिकार नाही. दाखल करण्याची वेळ तुमच्या मुलीवर येईल असे तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. तरीही माहिती असावी म्हणून सांगतो की अठरा वर्षांखालील मुलाला पालकांच्या अर्जाशिवाय दाखल करता येत नाही, प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते, आणि बहात्तर तासांच्या आत त्याची माहिती मानसिक आरोग्य मंडळाला द्यावी लागते.

अहमदाबाद किंवा मुंबईला जाण्याविषयी माझे मत असे आहे की एकदा दुसरे मत घ्यायला जरूर जावे, पण उपचारासाठी नाही. चिंतेवरचा उपचार दर आठवड्याला करावा लागतो, त्यातला अर्धा भाग प्रत्यक्ष शाळेच्या फाटकापर्यंत जाण्याच्या सरावाचा असतो, आणि तो मुंबईत बसून होत नाही. मुंबईच्या नामांकित डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जाणारी आणि मधल्या चार आठवड्यांत इथे कोणाकडेच न जाणारी मुले मी बरीच पाहतो. ऑनलाइन भेटी चौदा वर्षांच्या मुलीला चालू शकतात, पण पहिल्या एक-दोन भेटी समोरासमोर व्हाव्यात, आणि समोरच्या व्यक्तीची पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे संकोच न करता विचारावे. ‘काउन्सेलर’ ही पाटी कोणीही लावू शकतो. असे असले तरी शाळेत प्रशिक्षित समुपदेशक असतील तर सायकॉलॉजिस्टची तारीख येईपर्यंत त्यांच्याशी आठवड्यातून अर्धा तास बोलणे मुलीला शाळेच्या आवारात पाऊल ठेवण्याचे निमित्त देते, आणि सध्या तेवढे निमित्तही मोलाचे आहे.

तारीख येईल तेव्हा आई आणि वडील दोघांनी जावे. वडील दुकान किंवा नोकरी सोडून येऊ शकत नाहीत म्हणून आईच सगळे ऐकते आणि घरी जाऊन सगळ्यांना पटवते, हे ओझे एकटीने घेऊ नये. मुलीला आधीच सांगून ठेवावे की काही वेळ ती एकटी बोलेल आणि ती काय बोलली हे तुम्ही विचारणार नाही. जिवाला धोका असेल तेवढेच तुम्हाला सांगितले जाईल. तीन-चार भेटींनंतर मुलीचे त्या व्यक्तीशी जमत नाही असे दिसले तर भेटी गुपचूप बंद न करता तसे स्पष्ट सांगावे आणि दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावे पत्र व आतापर्यंतच्या नोंदींची प्रत मागून घ्यावी. पत्र हातात असले की नवी जागा बहुधा पहिल्या भेटीच्या यादीत न घालता थेट उपचाराची वेळ देते आणि सहा आठवडे पुन्हा मोजावे लागत नाहीत.